खुलासा : आर्मेनियन नरसंहाराला पहिली मान्यता अमेरिकेची नव्हे

‘१९१५च्या आर्मेनियन नरसंहाराला सर्वप्रथम २०२१ मध्ये अमेरिकेने मान्यता दिली, पाठोपाठ भारतानेही दिली’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. दोन्ही विधाने चुकीची आहेत. (हा नरसंहार म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या काळात ऑटोमन साम्राज्यात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या आधीच्या राजवटीत, झालेली आर्मेनियन लोकांची सामूहिक हत्या.)

पहिला देश उरुग्वे, १९६५ साली. युरोपीय संसदेचा ठराव १९८७चा, फ्रान्सचा कायदा जानेवारी २००१चा, जर्मन संसदेचा ठराव जून २०१६चा. अमेरिकेतही प्रतिनिधीगृह आणि सिनेट यांनी २०१९ मध्येच ठराव केले होते. २४ एप्रिल २०२१ रोजी आले ते राष्ट्राध्यक्ष बायडन यांचे निवेदन. तारीख तीच का? १९१५ मध्ये त्या दिवशी कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजचे इस्तंबूल) आर्मेनियन विचारवंतांची व पुढाऱ्यांची धरपकड सुरू झाली. पुढे लाखो माणसांना सीरियाच्या वाळवंटाकडे पायी हाकलले गेले.

भारताने अधिकृत मान्यता दिलेली नाही. २०१७ मध्ये उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांनी आर्मेनियाची राजधानी येरेवान येथील नरसंहार स्मारकाला भेट देऊन आदरांजली वाहिली होती, पण अशी आदरांजली म्हणजे मान्यता नव्हे. मान्यतेसाठी सरकारची स्पष्ट घोषणा किंवा संसदेचा ठराव लागतो. तुर्कस्तान मृत्यू झाल्याचे मानतो, ‘नरसंहार’ हा शब्द नाकारतो. म्हणूनच या तपशिलात ढिलाई नको.

जुना मजकूर कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्ती टाका.