बागेतल्या सिरॅमिक प्रदर्शनाला २ स्टार देणाऱ्या दादांना उत्तर

नमस्कार दादा, रिव्ह्यू रविवारीच वाचला पण तेव्हा डोकं जरा गरम होतं म्हणून थांबलो. तुम्ही लिहिलंय की ५० रुपये तिकीट काढून वाड्याच्या जुन्या बागेत आलो तर उन्हात उभं राहून तडे गेलेली भांडी बघावी लागली, गड्ड्याच्या जत्रेत दोनशेला मिळते ती बरणी इथं अठराशेला, आणि वर तुमच्या आईंनी एका बरणीला हात लावला तर आमचं पोरगं अंगावर आलं.

उन्हाचं चुकलंच की ओ आमचं. मार्चमधलं सोलापूरचं ऊन काय आम्हाला नवीन आहे का, पण बागेतली चिंच आणि तो दगडी आड बघून भुललो, दुपारी सावली कुठं सरकते ते बघितलंच नाही. पुढच्या वेळी ४ ते ८, आणि बसायला बाकडी.

तड्यांचं मात्र ऐका. हिरव्या थाळ्यांवर ती जाळी दिसते ना, त्या फुटक्या नाहीत. वरचा ग्लेझ म्हणजे काचच, भट्टी थंड होताना ती खालच्या मातीपेक्षा जास्त आकसली की बारीक चिरा पडतात, तिथं आम्ही त्या मुद्दाम पाडल्यात. शोभेला चालतं, जेवायच्या ताटाला नाही. पाटीवर लिहायला पाहिजे होतं, राहिलं.

किंमतीचं म्हणाल तर गड्ड्यातली ती उत्तर प्रदेशातल्या खुर्जाची बरणी साच्यातून निघते, वाईट नसते, आमच्या घरचं लोणचं त्यातच आहे. आमची चाकावर एकेक होते, आधी १००० डिग्रीच्या आसपास भाजायची मग ग्लेझ लावून परत १२०० च्या वर, त्यात काही वाकतात काही एकमेकाला चिकटतात, आणि आपली काळी माती नुसती घेतली तर वाळतानाच चिरते म्हणून माती पण बाहेरून आणायची. तरी महाग वाटली तर भांडण नाही.

आता आईंचं. त्यांनी नुसता हात नव्हता लावला, टिचकी मारली होती, मी लांबून बघत होतो. माठ घेताना आपण सगळे तेच करतो की. पोरगं म्हणालं ओ मावशी वाजवू नका, तर आई म्हणाल्या, बद्द वाजतंय रे हे. तुम्ही गेल्यावर बरणी उलटी करून बघितली, बुडाला केसाएवढी चीर, पाणी भरून ठेवलं तर सकाळी खालचा पेपर ओला. म्हणजे तुम्ही ज्याला तडा म्हणालात तो तडा नव्हता आणि जिथं खरंच होता तिथं आम्ही अठराशेची पाटी लावून बसलेलो. दोन दिवस एवढी माणसं येऊन गेली, कळलं फक्त आईंना.

पोराला बोललोय, तो माफी मागेल, मी पण मागतो. बरणीत आता दारात कोरफड लावलीय. पुढची भट्टी उघडली की माल विक्रीला ठेवायच्या आधी आईंनी एकदा टिचक्या मारून द्याव्यात, चेष्टा नाही करत. स्टुडिओ सोमवार सोडून रोज उघडा असतो.