व्हीपीएन विकत घेतला म्हणजे झालं?

परवा घरच्या ग्रुपवर व्हीपीएनबद्दल, म्हणजे आपलं इंटरनेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून वळवणाऱ्या सेवेबद्दल, एक फॉरवर्ड आला. ‘फुकटचा व्हीपीएन धोक्याचा, पैसे भरूनच घ्या. मग गूगललाही तुमचा पत्ता लागणार नाही, बँक खातं हॅक होणार नाही, आणि कोण कधी काय बघतं याच्या नोंदीच कंपनी ठेवत नसल्याने पोलिसांनाही काही सापडणार नाही.’ एरवी सोडून दिला असता. पण काकांनी त्या जोरावर ३ वर्षांची वर्गणी एकदम भरली आणि वर मला फोन केला, “आता मला कुणी बघत नाही बघ!”

रविवारी त्यांच्याकडे गेले. व्हीपीएन चालू, आणि यूट्यूबवर काका स्वतःच्या नावाने, फोटोसकट लॉगिन. सकाळी शोधलेला गुडघ्याचा पट्टा जाहिरातीत हजर. व्हीपीएन आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या जोडणीचा क्रमांक, बदलतो. आपणच नाव सांगून आत शिरलो तर तो तरी काय लपवणार?

बँकेचं म्हणाल, तर बँकेच्या ॲपमधली देवाणघेवाण आधीच एन्क्रिप्टेड, म्हणजे तिऱ्हाइताला वाचता येणार नाही अशी, असते. खाती रिकामी होतात ती ओटीपी सांगितल्याने, नाहीतर लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी) उघडल्याने. तिथे व्हीपीएन काय करणार, कप्पाळ!

डोकं फिरलं ते ‘नोंदीच ठेवत नाही’ यावर. अहो, कालपर्यंत इंटरनेट कंपनीला जे दिसत होतं ते आता व्हीपीएन कंपनीला दिसतं, एवढाच फरक. ती नोंदी ठेवत नाही हे तिनेच सांगायचं आणि आपण मान डोलवायची. प्युअरव्हीपीएन ही पैसे घेणारीच कंपनी, तीही नोंदी ठेवत नसल्याचं सांगायची. २०१७ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला, घरात पूर्वी सोबत राहिलेल्या मुलीचा ऑनलाइन छळ करणाऱ्या एका तरुणाला एफबीआयने पकडलं. कोर्टातल्या प्रतिज्ञापत्रात साफ लिहिलंय की याच कंपनीच्या नोंदींवरून एकच ग्राहक दोन ठिकाणांहून जोडला गेल्याचं कळलं: त्याचं घर आणि त्याचं ऑफिस. पकडला ते उत्तमच झालं. पण त्याच प्रतिज्ञापत्रात त्याचं स्वतःचं ट्वीटही आहे, की नोंदी न ठेवणारा व्हीपीएन नसतोच! आरोपीला कळत होतं ते आमच्या ग्रुपला कळेना.

आपल्याकडे तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला व्हीपीएन कंपन्यांना आदेशच काढला: ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, दिलेले आयपी किमान ५ वर्षं जपून ठेवा. नॉर्ड, एक्सप्रेस, सर्फशार्क या व्हीपीएन कंपन्यांनी त्यावर भारतातले सर्व्हरच हलवले.

फुकटचा धोक्याचा, हे मात्र बरंचसं खरं. फेसबुकचा ओनावो नावाचा व्हीपीएन फुकटच होता, आणि लोक कुठलं ॲप किती वापरतात ते त्यातून फेसबुकला कळायचं. स्टेशनवरच्या वायफायवर विकतचा व्हीपीएन थोडा उपयोगी पडतो, हेही मान्य. आणि स्वीडनच्या मुलवाड या व्हीपीएन कंपनीकडे एप्रिल २०२३ मध्ये पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन आले नि रिकाम्या हाताने परतले, हेही खरं. पण ती कंपनी खातं उघडताना ईमेलसुद्धा मागत नाही. काकांनी ईमेल, मोबाइल नंबर, कार्ड, सगळं देऊन ठेवलंय.

व्हीपीएन काढायला लावला नाही. पैसे भरलेत, चालू दे. नुसती ॲपना दिलेल्या परवानग्यांची यादी उघडली. टॉर्चच्या ॲपने काकांचे कॉन्टॅक्ट आणि लोकेशन मागितलं होतं, आणि काकांनी दोन्ही दिलं होतं.