‘टर्मिनेटर २’ बटण दाबून झालेला नाही

नाशिकच्या बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘दादासाहेब फाळक्यांनी हातानं सिनेमा केला, हॉलिवूडवाल्यांचा कॉम्प्युटर करतो. ‘टर्मिनेटर २’मधला पाऱ्याचा माणूस म्हणजे बटणाचा खेळ. पहिला भाग चालला, दुसऱ्यात पैसा ओतला; डोकं लावावं लागलंच नाही.’

मी कॉलेज रोडला व्हीएफएक्स, म्हणजे सिनेमातली खरी वाटणारी पण बनवलेली दृश्यं घडवणं, शिकवतो. असले मेसेज वाचून आलेली मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, ‘सर, सॉफ्टवेअर कधी सुरू करायचं?’ चित्र काढणं, शाडूत हात घालणं त्यांना वेळ घालवणं वाटतं. त्यांचं यात खरंच नुकसान होतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी कॉम्प्युटरचं बघू. सव्वादोन तासांच्या या सिनेमात कॉम्प्युटरवर घडवलेली दृश्यं जेमतेम पाच मिनिटांची आहेत. तेवढ्यासाठीही अशी दृश्यं घडवणाऱ्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीचे पस्तीसेक लोक दहा महिने राबले. पाऱ्यासारखा वितळून कुणाचंही रूप घेणाऱ्या खलनायक यंत्रमानवाची भूमिका केलेल्या रॉबर्ट पॅट्रिकच्या अंगावर चौकटींच्या रेघा रंगवून त्याला पळायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि त्याची चाल बारकाईनं अभ्यासली. धातूचा माणूस पळतो तो त्या चालीनं.

बाकीचं काम हातांनी केलेलं आहे. छातीत गोळी घुसली की चांदीसारखं फूल उमलतं ना, तो प्रसंग पुन्हा थांबवून थांबवून बघा. सिनेमासाठी बाहुल्या आणि मुखवटे घडवणाऱ्या स्टॅन विन्स्टनच्या कारखान्यात फोमची ती फुलं बनवली, त्यांना धातूची चकाकी दिली आणि मिटवून गणवेशाखाली लपवली. गणवेश आधीच आतून कापून ठेवलेला. खटका सुटला की कापड फाटून फूल बाहेर! दुभंगलेलं डोकंही बाहुलीचंच. अणुस्फोटात उद्ध्वस्त होणारं लॉस एंजेलिस म्हणजे छोट्या प्रतिकृती, हवेच्या झोतानं उडवलेल्या.

इस्पितळातला पहारेकरी आणि त्याचं रूप घेतलेला यंत्रमानव समोरासमोर येतात, ते डॉन आणि डॅन स्टँटन हे जुळे भाऊ आहेत. शेवटी नायिका सारा एकाच वेळी दोन दिसते, त्यात ती भूमिका करणाऱ्या लिंडा हॅमिल्टनची जुळी बहीण लेस्ली आहे. उड्डाणपुलाखालून जाणारं हेलिकॉप्टरही खरंच तिथून नेलेलं आहे. आणि आवाज! तो यंत्रमानव गजांमधून आरपार जातो तेव्हा ऐकू येणारी ओली सरसर ही डब्यातून निसटणाऱ्या कुत्र्याच्या खाण्याची आहे. सिनेमाचे आवाज घडवणाऱ्या गॅरी रायडस्ट्रॉमनं ती टिपली. हे कानाचं काम आहे, कुठलंही सॉफ्टवेअर ते सुचवत नाही.

पैशाचं म्हणणं निम्मं खरं आहे. १९८४चा पहिला भाग सुमारे ६४ लाख डॉलरमध्ये झाला, १९९१च्या दुसऱ्याला दहा कोटींच्या आसपास लागले. पण वितळणाऱ्या खलनायकाची कल्पना दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनला पहिल्या भागाच्या वेळीच सुचली होती. तेव्हा ते पडद्यावर दाखवणं शक्य नव्हतं, म्हणून त्यानं ती बाजूला ठेवली. पुढे १९८९च्या ‘द ॲबिस’मध्ये त्यानं कॉम्प्युटरवर पाण्याची एक सोंड घडवून घेतली, ती जमली, तेव्हा कुठे त्या कल्पनेला हात घातला. इतका दम धरणं पैशानं येत नाही.

‘डोकं लावलंच नाही’ हे तर साफ चूक. पहिल्या भागात मारायला आलेला यंत्रमानव दुसऱ्यात राखणदार केला, तोही त्याच नटाला घेऊन. त्याच्यासमोर अंगानं किरकोळ पण जास्त भयंकर शत्रू उभा केला. पहिल्या भागातली भेदरलेली सारा इथे इतकी कठोर झाली की पोटच्या पोराला जवळ घेणंही तिला जड जातं. प्रेक्षकांना आवडलेली मूळ रचनाच उलटी करायला धाडस लागतं.

राहता राहिले फाळके. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या या माणसानं १९१२मध्ये कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ एकेक चौकट टिपत त्याचं रोप पडद्यावर वाढवलं. ती फिल्म दाखवून त्यांनी पहिल्या चित्रपटासाठी पैसे उभे केले. त्यांनीही त्या काळातलं सगळ्यात नवं यंत्रच हाती घेतलं होतं. त्यांचं नाव घेऊन नव्या यंत्रावर काम करणाऱ्यांना हिणवणं मला पटत नाही. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तिथे मुलांना नेलं की मी आधी या वाटाण्याच्या रोपाचीच गोष्ट सांगतो.