एकोणसाठ म्हणजे किती?

काल मामांनी फोनवर तिसऱ्या माणसाला सांगितलं, "जावईबापूंचा कॉम्प्युटर बसला होता, मीच चालू करून दिला." मी शेजारीच बसलो होतो!

मामा म्हणजे बायकोचे मामा. चार दिवस राहायला आलेले. आणि मला नेमकी तेव्हाच हुक्की आली की जुनी हार्ड डिस्क काढून नवीन ५०० जीबीची एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) टाकलीच आहे तर विंडोजच्या जोडीला लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिमही टाकू. व्हिडिओवाला म्हणाला दहा मिनिटांचं काम. (हे लोक कुठल्या घड्याळातली दहा मिनिटं मोजतात देव जाणे.)

स्क्रीनवर ४६५ जीबी दिसल्याबरोबर मामा म्हणाले, "पस्तीस मापात मारले." मी सांगितलं की विकणारे हजाराने मोजतात आणि विंडोज १०२४ ने, म्हणून कमी दिसतं. "तेच म्हणतोय मी. वजनं दोन ठेवलीत." यावर काय बोलणार? मग मी १०० जीबी लिनक्सला काढून देताना पार्टिशन म्हणजे वाटणी असं सांगायची चूक केली, तर भावाभावांच्या बांधावरच्या भांडणांत अर्धा तास गेला.

खरी माती मीच खाल्ली. लिनक्स पेन ड्राइव्हवरून सुरू होईना म्हणून बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारा पहारेकरी, बंद केलं, डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप, चालू आहे हे विसरून. पहारेकरी हटलेला बघून कुलपाला संशय आला, आणि पुढच्या वेळी विंडोज सुरू करायला गेलो तर "रिकव्हरी की" द्या, म्हणजे कुलपाची चावी. ४८ आकडे! ती की मोबाइलवर सापडली, पण मोबाइल मामांनी हातातून घेतला, चष्मा कपाळावर चढवला, हात लांब केला आणि म्हणाले, "मी वाचतो, तुम्ही बडवा."

"एकोणसाठ."

मी ६९ टाकलं.

"एकोणऐंशी."

८९. आता माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमात, एकोण आलं की माझी गाडी हमखास पुढच्या स्टेशनात जाते.

"सत्तावीस."

एरर. यातल्या सहा आकड्यांच्या प्रत्येक गटाला ११ ने भाग जावाच लागतो, त्यामुळे चूक तिथल्या तिथे पकडली जाते.

"मामा, सुटे सुटे सांगा ना. पाच, नऊ, असं."

"सुटे कशाला? एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी. पाढे नाही झाले का तुमचे?"

असे आठ गट. मधे एकदा मोबाइलची स्क्रीन बंद पडली, मामांनी तेवढ्यात चहा मागितला, आणि परत आल्यावर चौथा गट की पाचवा यावर वाद. बायको दारात उभी राहून हसत होती, ते वेगळंच.

मला राग मामांचा नाही. म्हणजे आहे, पण त्या व्हिडिओवाल्याचा जास्त. वीस मिनिटांत चार वेळा बेल दाबा म्हणाला, तेवढ्यात एकदा "आधी बिटलॉकर थांबवा आणि की कागदावर लिहून ठेवा" म्हणाला असता तर काय त्याची जीभ झिजली असती? खाली कमेंटमध्ये शंभर जण तेच रडतायत.

असो, आता दोन्ही चालतंय. फक्त लिनक्समधून विंडोजमध्ये आलं की घड्याळ काही तास मागे जातं, कारण मदरबोर्डवरच्या वेळेला विंडोज स्थानिक वेळ समजतं आणि लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. एका कमांडचं काम आहे. मामा परवा जातायत, तोवर मी ते घड्याळ त्यांच्या नजरेला पडू देत नाहीये.