इंजिन उघडलंय म्हणून कॅम बदलू नका

गणपती जवळ आले की आमच्या चिपळूणच्या गॅरेजात जुन्या गाड्यांची रांग लागते. यंदा त्यांच्याबरोबर एक मेसेजही आला. तीन गिऱ्हाइकांनी मोबाइल पुढे धरून तोच वाचून दाखवला: ‘इंजिन उघडलंच आहे, तर जास्त लिफ्टचा कॅमशाफ्ट टाकून घ्या. मजुरी वाचते, घाटात ताकद वाढते, अ‍ॅव्हरेज सुधारतं. जुनाच शाफ्ट लेथवर घासून घेतलात तर खर्चही नाही.’ कॅमशाफ्ट किंवा कॅम म्हणजे इंजिनातला उंचवट्यांचा दांडा. तो फिरताना हवा-पेट्रोल आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व, म्हणजे झडपा, उघडतो. व्हॉल्व किती उचलला जातो ती लिफ्ट. या मेसेजपायी लोकांचे पैसे आणि चांगली इंजिनं जाताहेत, म्हणून लिहितोय.

मजुरीचं खरं आहे. जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा कॅम ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडात असतो, एरवी तो बघायला कोण खोलेल? तेव्हा इंजिन खाली आलंय तर कॅम जरूर तपासा. प्रत्येक उंचवट्यावरून नख फिरवा, अडकलं तर मायक्रोमीटर लावा. मुंबईकरांच्या गाड्या गावच्या पडवीत वर्षवर्ष उभ्या असतात. आमच्या खाऱ्या, दमट हवेत अशा कॅमवर गंजाचे बारीक खड्डे पडलेले मी पाहिलेत. तो बदलायलाच हवा. पण मूळ मापाचाच घाला, आणि टॅपेट (कॅमच्या उंचवट्यावर टेकून व्हॉल्वकडे धक्का पोचवणारे तुकडे) सगळे नवे. जुना टॅपेट जुन्या कॅमशी घासून बसलेला असतो, तो नव्याला खातो.

‘घाटात ताकद वाढते’ हे मात्र साफ उलटं आहे. असे कॅम नुसते व्हॉल्व जास्त उचलत नाहीत, तो जास्त वेळ उघडाही ठेवतात. इनटेक, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व उशिरा मिटतो. इंजिन जोरात फिरत असेल तर आत येणाऱ्या हवेला वेग असतो, ती पिस्टन वर निघाला तरी शिरत राहते आणि ताकद खरंच वाढते. पण कुंभार्ली घाटात ट्रकच्या मागे, दुसऱ्या गिअरात, इंजिनाच्या मिनिटाला 2000 फेऱ्यांच्या आसपास? तिथे हवेला तेवढा वेग नसतो. वर येणारा पिस्टन घेतलेलं मिश्रण परत मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे ते आलं त्या नळीत ढकलतो. गाडी उचलत नाही. माझ्याकडे बाहेरून असा कॅम बसवून आलेली एक पद्मिनी होती. सपाटीवर, गिअर ताणला की झकास पळायची. चढावर मालकाला पहिला गिअर सोडवेना.

अ‍ॅव्हरेजचंही तेच. घाटात गिअर खाली आणि पाय ॲक्सिलरेटरवर, मग पेट्रोल वाचणार कुठून? शिवाय दोन्ही व्हॉल्व एकाच वेळी जास्त उघडे राहिले की स्लोवर (गाडी उभी, ॲक्सिलरेटर सोडलेला) इंजिन थरथरतं, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून जातं, पीयूसीला अडचण येते. ब्रेक बूस्टर (इंजिनाच्या व्हॅक्यूमने ब्रेक हलका करणारा भाग) असलेल्या गाडीत स्लोवर व्हॅक्यूम कमी पडून पेडल दगडासारखं लागू शकतं.

आता लेथ. लेथवर गोल वस्तू होते, कॅमचा उंचवटा गोल नसतो. त्याला मास्टर, म्हणजे त्या आकाराचा नमुना, लावून घासणारं वेगळं ग्राइंडिंग मशीन लागतं. त्यातही वरचा कडक थर निघून गेला तर खालचं मऊ लोखंड काही दिवसांत झिजतं.

खर्च नाही म्हणणाऱ्याने व्हॉल्व मिटवणाऱ्या स्प्रिंगचा हिशेबच केलेला नाही. लिफ्ट वाढली की जुन्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकू शकतात, व्हॉल्व पिस्टनवर आपटू शकतो. ते तपासायला पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचा तुकडा ठेवून, हेड (इंजिनाचं वरचं झाकण) आवळून, क्रँक (पिस्टनला जोडलेला मुख्य दांडा) हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा, कारण तेव्हा कुठे कॅमचा एक फेरा होतो. मग हेड काढून दबलेल्या क्लेची जाडी मोजायची. किती ठिकाणी हे करतात?

पद्मिनीत मूळ मापाचा नवा कॅम बसवला तरी मी पहिली 20 मिनिटं इंजिन 2000 ते 2500 वरच ठेवतो, स्लोवर सोडत नाही. कॅम आणि टॅपेटवर तेल पडतं ते बरंचसं क्रँकने उडवलेलंच, आणि स्लोवर ते कमी उडतं. नंतर ऑइल काढून फडक्यातून गाळतो. चमचमता चुरा दिसला तर गाडी देत नाही, इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर पुन्हा खाली.