वीरांना पगार कशाला?

समजा, उद्या तुम्ही आरोग्यमंत्री झालात. (हसू नका, कोण कोण झालेत ते आठवा.) दालनाबाहेर नर्सेस बसल्या आहेत, हातात फलक आणि तोंडी एकच मागणी: पगार. घाबरून जाऊ नका. तिजोरीला हात न लावता हे प्रकरण कसं निस्तरायचं, याचा वस्तुपाठ फिलिपाइन्सने केव्हाच घालून दिलाय.

आधी त्यांना छानसं नाव द्या. 1988 मध्ये हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या आपल्या देशभगिनींपुढे बोलताना राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनो त्यांना नवे वीर म्हणाल्या. तिकडच्या भाषेत 'बागोंग बयानी'. तेव्हापासून परदेशातून घरी डॉलर पाठवणारा प्रत्येक जण वीर, त्यात नर्सही आली. शब्दाची खुबी पाहा. कामगार पगारवाढ मागतो, वीर मागत नाही. मागितली तर तो वीर कसला? आपणही याबाबतीत अगदीच मागे नाही म्हणा. वॉर्डात आपण नर्सला 'सिस्टर' म्हणतो. बहिणीला ओवाळणी घालतात, पगार कोण देतं!

मग कायदा करा. अगदी भरघोस करा, हात आखडू नका. फिलिपाइन्सने 2002 मध्ये केला: सरकारी रुग्णालयातल्या नर्सला नोकरीच्या सुरुवातीलाच पंधरावी वेतनश्रेणी. आता, कायदा झाला म्हणजे पैसे द्यावे लागतात असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही खुर्चीत नवखे आहात. 2009 मध्ये सरकारी नोकरांची नवी वेतनरचना आली आणि तिने नर्सला अकराव्या, म्हणजे खालच्या, श्रेणीवर बसवलं. भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑक्टोबर 2019 मध्ये निकाल लागला की कायदा पूर्ण वैध आहे, फक्त त्यासाठी लागणारा पैसा संसदेने मंजूर करायचाय. जेवणाचं आमंत्रण खरं, स्वयंपाकाचं तेवढं बघा! अखेर 2020 मध्ये, महामारी उंबरठ्यावर येऊन बसल्यावर, पंधरावी श्रेणी पदरात पडली: महिन्याला सुमारे 32 हजार पेसो. कायदा झाला तेव्हा जन्मलेली मुलगी तोवर नर्सिंग कॉलेजात पोचली होती. खासगी रुग्णालयांना तर या कलमाची झळसुद्धा लागली नाही, कारण ते फक्त सरकारी नर्सपुरतं होतं.

पण मी ज्या युक्तीपुढे साष्टांग लोटांगण घालतो ती वेगळीच आहे. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिका-ब्रिटनला नर्स हव्या होत्या, म्हणून फिलिपाइन्समध्ये गल्लोगल्ली नर्सिंग कॉलेजं निघाली. डॉक्टरसुद्धा रात्रीचे वर्ग करून नर्स होऊ लागले. 2004 मध्ये डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेत देशात पहिला आलेला तरुण अमेरिकेत नर्स व्हायला निघाला. मग मंदी आली, अमेरिकेचं दार जवळजवळ बंद झालं आणि घरोघरी परवाना असलेल्या, पण नोकरी नसलेल्या नर्स साठल्या. परदेशात जायचं तर अनुभवाचा दाखला हवा. अनुभव कुठे? रुग्णालयात. तेव्हा रुग्णालयांनी दार उघडलं: या, 'स्वयंसेवक' व्हा, पगार नाही. पुढे काही जण आणखी शहाणे झाले आणि प्रशिक्षणाच्या नावाखाली या मुलींकडूनच फी घेऊ लागले. म्हणजे रात्रपाळी तिची, सलाईन लावणार ती, बेडपॅन उचलणार ती आणि पैसेही भरणार तीच. 2011 मध्ये सरकारने हे बंद करा म्हणून फर्मान काढलं. चांगल्या कल्पनांना हा समाज टिकूच देत नाही!

आता इतकं करूनही त्या जातातच. इंग्रजीची परीक्षा देतात, अमेरिकेची नर्सिंगची परीक्षा देतात, एजंटाकडे खेटे घालतात आणि पोरं आजीकडे ठेवून विमानात बसतात. जाऊ द्या. त्या पाठवतील त्या पैशावर देश चालेल. 2023 मध्ये परदेशातल्या फिलिपिनोंनी बँकांमार्फत तब्बल 33 अब्ज डॉलरहून जास्त पाठवले. एवढा नफा देणारा माल आणखी कोणता आहे तुमच्याकडे?

जागा रिकाम्या राहतात, ही किरकोळ अडचण. 2023 मध्ये तिथल्या आरोग्यमंत्र्यांनाही हा पेच पडला: सरकारी रुग्णालयांत साडेचार हजार पदं भरायची होती आणि माणसं मिळेनात. त्यांनी तोडगा सुचवला की नर्सच्या परवाना परीक्षेत उत्तीर्ण व्हायला 75 टक्के लागतात ना, मग 70 ते 74 मिळवून नापास झालेल्यांना तात्पुरता परवाना देऊन कामावर घेऊ. परवाना देणाऱ्यांनी कायद्यात असं काही नाही म्हणून सांगितलं. पगार वाढवून पास झालेल्यांना थांबवावं, हा विचार तुमच्याही मनात येऊ देऊ नका. वाईट सवय लागते.

महामारीचं काय करायचं, तेही लिहून ठेवा. मार्च 2020 मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने स्वयंसेवक मागवले, भत्ता दिवसाला 500 पेसो, म्हणजे साडेसातशे रुपयांच्या आसपास. आपण तेव्हा थाळ्या वाजवल्या, त्यामुळे आपल्याला इतका खर्च आला नाही. पुढच्या महिन्यात वीरांना देश सोडायला बंदी झाली. वर्षअखेर बंदी उठली ती वर्षाला 5000 जणींच्या मर्यादेवर. फेब्रुवारी 2021 मध्ये कामगार खात्यातून ब्रिटन आणि जर्मनीला कळवण्यात आलं की लस द्या, मर्यादा सैल करतो. एक नर्स, इतके डोस. ब्रिटनने नकार दिला, नाहीतर भाव कळला असता.

ती लस ब्रिटनमध्ये पहिल्यांदा टोचली गेली 8 डिसेंबर 2020 रोजी, कॉव्हेंट्रीच्या रुग्णालयात. टोचणारी मे पार्सन्स, मूळची फिलिपिनो, तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत 24 वर्षं झालेली. 2022 मध्ये त्या आरोग्यसेवेला जॉर्ज क्रॉस हा ब्रिटनचा शौर्यसन्मान मिळाला, तेव्हा राणीच्या हातून तो घ्यायला विंडसर किल्ल्यात गेलेल्यांत तीही होती.

अशा वेळी तुमच्या खात्याने लगेच अभिनंदनाचं पत्रक काढायचं. मजकूर दोन ओळींचा पुरे, फोटो मोठा छापा. आणि दालनाबाहेरच्या त्या मुलींना निरोप द्या की साहेब बैठकीत आहेत.