कोल्हापुरात राहून जगाचं काम करणाऱ्यांसाठी काही सूचना

हिंजवडीतला फ्लॅट सोडून, लॅपटॉप पाठीला लावून तुम्ही कोल्हापुरात येऊन राहणार असाल तर आधी अभिनंदन. आता तुम्ही मुक्त. आता तुम्ही कुठूनही काम करू शकता, म्हणजेच तुम्ही कुठेही असलात तरी तुम्हाला काम लावता येतं. ही गोष्ट फक्त क्लायंटलाच कळली आहे असं समजू नका. ती तुमच्या मावशीलाही कळलेली आहे.

पहिला मुद्दा व्हिसाचा. लॅपटॉपवर पोट असणाऱ्यांसाठी एस्टोनियानं २०२० साली खास व्हिसा काढला. थायलंड २०२४ पासून पाच वर्षांचा देतं, त्यासाठी खात्यात ५ लाख बात (तिथलं चलन) दाखवावे लागतात. कोल्हापूरचा व्हिसा फुकट आहे, फक्त मुलाखत कडक असते आणि ती घरमालक पायरीवर बसून घेतात.

"गाव कंचं?"
"पुणे."
"त्ये झालं. मूळ गाव?"

मूळ गाव सांगितलंत की तिथं त्यांचे कुणीतरी पाहुणे निघतातच. मग आडनाव, मग आईचं माहेर, आणि शेवटी "म्हंजे तू आपलाच की!" इथे भाडं पाचशेनं कमी होतं आणि तुमचं खासगी आयुष्य संपतं. रात्री किती वाजता लाईट बंद झाली, दुपारी किती वाजेपर्यंत झोपलात, कुरिअरवाला काय देऊन गेला, याची नोंद आता आख्ख्या गल्लीकडे राहील. लिस्बनमध्ये वर्षभर राहून शेजाऱ्याचं नाव कळत नाही म्हणे. इथे तुम्ही आजारी पडलात तर औषधाआधी पेजेचा टोप येतो, आणि टोप परत द्यायला गेलात की तासभर बसावं लागतं. ऑफिसच्या रोजच्या स्टँडअप मीटिंगला उशीर झाल्याचं हे कारण इंग्रजीत नीट सांगता येत नाही. प्रयत्न करू नका.

येताच रंकाळ्याच्या कट्ट्यावर लॅपटॉप उघडून फोटो काढून घ्या. उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही, पण फोटोत ते कळत नाही. हे काम संपलं.

खरं काम करायला राजारामपुरीतला एखादा कॅफे निवडा. भिंतीकडेचं टेबल, जवळ प्लगपॉइंट, आणि एका कोल्ड कॉफीवर दुपार काढायची, हा जगभरचा रिवाज तुम्हाला ठाऊकच असेल. पहिल्या तासाला मालक विचारतात, "आणि काय आणू?" तुम्ही मान हलवता. दुसऱ्या तासाला ते येऊन समोरच बसतात. "सकाळधरनं काय खाल्लं न्हाईस. घरात लाईट गेलीय काय?" मग स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी आणि खर्डा पुढ्यात येतो. नाही म्हणायची सोय नसते, कारण तोवर तुमच्या बशीत वाढून झालेलं असतं. भाकरी संपता संपता हळूच विषय निघतो. "एवढं कॉम्प्युटरचं येतंय तर आमचं तेवढं नकाशावर नीट कर की. पत्ता मागच्या गल्लीतला दावतंय." तुम्ही ते करता. दुसऱ्या दिवशी मेन्यूकार्डाचं डिझाइन. तिसऱ्या दिवशी पोराचा प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म, त्यात फोटोचा आकार कमी करून पाहिजे असतो आणि सहीचा वेगळा. बिल द्यायला गेलात की "ठेव, ठेव. आपल्यात कसलं पैसं!" तेव्हा सल्ला असा: जिथे तुमच्याकडून पैसे घेत नाहीत, तिथे परत जाऊ नका. तिथे तुमची नोकरी लागलेली असते.

कॅफे नको म्हणून नातेवाइकांकडे राहायचा विचार असेल तर तो फारच उत्तम आहे. घरात बसलेला माणूस रिकामा असतो, हे शास्त्र सर्वमान्य आहे. सिलिंडर घ्यायला तुम्ही, मीटर वाचणारा आला तर तुम्ही, आणि "घरातच हाय न्हवं? मग तेवढं काकींना स्टँडवरनं घिऊन ये" हेही तुम्हीच. तुम्ही कानाला हेडफोन लावून न्यू जर्सीतल्या बाईंना तिमाही आकडे समजावून देत असता आणि मागून मावशी मोठ्यानं विचारते, "मटान किती आणू?" आवाज म्यूट करायला विसरू नका. विसरलात तर मात्र पांढरा रस्सा म्हणजे काय ते समजावून सांगावं लागेल, आणि आकड्यांपेक्षा बाईंचं लक्ष तिथे जास्त लागेल. (रस्सा दुपारी एकदम भरपूर घेऊ नये. तांबडा जागा ठेवतो, पांढरा झोपवतो, आणि घरात दोन्ही आग्रहानं वाढतात.)

वेळेचं गणित पाठ करून टाका. न्यूयॉर्कमधले सकाळचे ९ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरात ते लोक घड्याळ तासभर मागे घेतात, मग तेच ९ आपले साडेसात होतात आणि मार्चपर्यंत तसेच राहतात. त्याच नोव्हेंबरात अंबाबाईचा किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरून देवीपर्यंत पोचतात, आणि हे गणित ज्यांनी बसवलं त्यांनी कुणाचंच घड्याळ मागेपुढे केलं नव्हतं. तुमचं मात्र संध्याकाळचं जग आता उलटं फिरणार. रंकाळ्यावर भेळ खायची वेळ ती मीटिंगची, आणि तालमीतली पोरं उठायची वेळ ती तुमच्या झोपण्याची. सकाळी कुणी दार वाजवून "अजून झोपलाईस?" म्हणालं तर "रात्रभर काम होतं" असं सांगू नका. रात्रभर कसलं काम असतं याचा गल्लीनं आपापला अंदाज बांधलेला असतो.

पावसाळ्यात डॅशबोर्ड बदलतो. सगळं शहर एकच आकडा बघत असतं: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे सात. त्यातले किती उघडले हे शाळकरी पोरगंही सांगतं. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि शहर तुटलं. २०२१ ला पुन्हा महामार्ग बंद. "मी वाटेल तेव्हा बॅग उचलून निघतो" हे तुमचं वाक्य तेवढे दिवस जपून वापरा. मॅनेजरनं उद्याच्या डिलिव्हरीबद्दल विचारलं तर सरळ फुटांमध्ये उत्तर द्या. त्याला वाटेल हा प्रोजेक्ट मोजायचा नवा प्रकार आहे.

कराचं काय, असं विचारूच नका. कुठेच राहत नाही म्हणून कुठेच कर नाही, असा सल्ला देणारा एक मित्र प्रत्येकाला असतो आणि तो स्वतः पगारदार असतो. वर्षात १८२ दिवस भारतात काढलेत की तुम्ही इथले निवासी, आणि डॉलर कुठूनही आलेले असोत, ते इथे मोजले जातात. शाहूपुरीतल्या सीएकडे जा. तो आधी चहा मागवेल, मग मूळ गाव विचारेल, मग कर सांगेल.

शेवटी एक दिवस कंपनीचा मेल येईल: आठवड्यातले तीन दिवस पुण्याच्या ऑफिसात हजर राहावं. घाबरू नका, वादही घालू नका. नम्रपणे कळवा की सातारा-कागल रस्त्याचं सहापदरीकरण चालू आहे, ते संपलं की लगेच येतो. एकदा या रस्त्यानं आलेला कुणीही तारीख विचारणार नाही.